डावीकडे उघडणारा साचा

१

हार्लन वोल्डच्या रायफलीतून एकाच गोळीला दोन आवाज आले, तेव्हाच आयोन ब्रेक्केला कळलं की काहीतरी बिनसलंय. पहिला आवाज नेहमीचा होता. दुसरा त्याला चिकटूनच आला, कोरडा, आणि तोही बंदुकीच्या तोंडातून नव्हे, मधूनच कुठूनतरी. हार्लन दोन पावलं मागे सरकला, रायफल गवतात पडली, आणि तो स्वतःच्या डाव्या हाताकडे असा बघत उभा राहिला, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे.

लोक धावले. आयोनही धावली. पण धावण्याआधी, अगदी पापणी लवण्याएवढ्या वेळात, तिच्या मनात एक गोष्ट होऊन गेली. तिला बरं वाटलं.

टिंबर फोर्क गावच्या नेमबाजी क्लबात दर सप्टेंबरला लिव्हरच्या, म्हणजे खालचा दांडा ओढून काडतूस चढवायच्या, रायफलींची स्पर्धा भरते. स्वतः ओतलेल्या गोळ्या, स्वतः भरलेली काडतुसं, विकतचं काही चालत नाही. गेली सात वर्षं तिथे हार्लन पहिला येत होता आणि आयोन दुसरी. एका वर्षी एका गुणाने, एका वर्षी तीन गुणांनी, पण दुसरीच. सत्तावीस वर्षं शेरीफच्या कचेरीत काढलेली बाई, सगळा जिल्हा तिला मान द्यायचा. पण त्या एका दिवशी पदक घेताना हार्लन तिचा हात हातात घेऊन "पुढच्या वर्षी तूच," असं म्हणायचा, आणि ते शब्द तिला पुढचं वर्षभर बोचत राहायचे.

चौथ्या दिवशी ग्रेट फॉल्सच्या इस्पितळातून त्याने तिला बोलावून घेतलं. डाव्या हाताची दोन बोटं गेली होती, उरलेला हात बोळ्यासारखा पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला.

"शेरीफ म्हणतो, अपघात," हार्लन म्हणाला. "म्हणतो, मी उन्हाळाभर गोळ्या ओतायचे तीन साचे घेऊन खेळत बसलो होतो, त्यात घोळ झाला."

"तसं होऊ शकतं."

"तू असा घोळ करशील?"

लिव्हरच्या रायफलीत काडतुसं नळीत एकामागे एक झोपलेली असतात. पुढच्याच्या बुडाशी दारू पेटवणारी टोपी, आणि त्या टोपीला मागच्या गोळीचं नाक टेकलेलं. म्हणून तिथे गोळीचं नाक चपटंच लागतं. टोकदार गोळी गेली, की बंदुकीच्या धक्क्यासरशी तिचं टोक पुढच्या टोपीवर खिळ्यासारखं बसतं. ही गोष्ट टिंबर फोर्कमध्ये दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते.

"कुणीतरी टाकली, आयोन. काडतुसं ठेवायच्या माझ्या ठोकळ्यात टोकदार काडतूस कुणीतरी टाकलं. तू शोध."

"मीच का? तुला माहीत आहे लोक काय म्हणताहेत. सगळ्यात जास्त फायदा माझाच आहे."

"म्हणूनच," हार्लन म्हणाला. "बाकीच्यांना माझी दया येतेय. तुला येणार नाही. तू नीट बघशील."

२

शेरीफ कर्ट रोमस्टाड एके काळी आयोनच्या हाताखाली होता. अजूनही तिला "बॉस" म्हणायचा. हार्लनचा लाकडी ठोकळा त्याने काहीही न बोलता तिच्यापुढे सरकवला, पण त्याच्या चेहऱ्यावर अवघडलेपण होतं.

ठोकळ्याला पन्नास भोकं. काडतुसं नाक खाली करून ठेवायची, म्हणजे वर फक्त बुडं दिसतात. स्पर्धेत पाच काडतुसं भरायला अर्धं मिनिट मिळतं. नजर निशाणावर असते आणि अंगठा आपोआप काम करतो. ठोकळ्यात पंचवीस शिल्लक होती. आयोनने एकेक उपसून टेबलावर मांडलं. चोवीस चपटी. एक टोकदार.

"म्हणजे दोन टाकली होती," ती म्हणाली. "एक नळीत गेलं, एक इथे राहिलं."

"किंवा हार्लनने दोन चुकून भरली," कर्ट म्हणाला. "बॉस, त्याने डाकेने मागवलेला साचा टोकदार नाकाचा निघाला होता. दुकानाने चुकीचा पाठवला. त्याने दहा गोळ्या ओतूनही बघितल्या होत्या, तोच सांगतो."

"आणि परत वितळवल्या, असंही सांगतो."

"दोन राहिल्या असतील."

आयोनने पक्कड घेऊन त्या काडतुसातली गोळी ओढून काढली आणि तिच्यावर अंगठ्याचं नख दाबलं. लोण्यात उमटावी तशी चंद्रकोर उमटली. मग हार्लनच्या चपट्या गोळीवर नख दाबलं. नख घसरलं.

"हार्लन छापखान्याच्या अक्षरांच्या खिळ्यांचं शिसं वापरतो," ती म्हणाली. "दगडासारखं असतं. ही मऊ आहे. ही त्याच्या भांड्यातली नाही, कर्ट."

कर्टने स्वतः नख दाबून बघितलं. मग खुर्चीत मागे रेलला. अपघाताचा कागद त्याने मुकाट्याने खणात टाकला.

खात्री करायला ती हार्लनच्या घरी गेली. त्याची बायको व्हर्ना मधाच्या बरण्यांना चिठ्ठ्या लावत होती. हार्लनचा धंदा मधमाश्यांचा. मध विकायचा आणि मेण मात्र सगळ्या क्लबाला फुकट वाटायचा. गोळीच्या खाचांत भरायला ग्रीस लागतं, आणि टिंबर फोर्कमध्ये ते हार्लनच्या मेणाचंच असायचं.

व्हर्नाने शेड उघडून दिली. भांडं, डाव, खिळ्यांच्या पिशव्या, आणि लाल कापडात गुंडाळलेला एक साचा, गावचे साचे कापणाऱ्या म्हाताऱ्या विर्जिल टॅन्सीने मरण्याआधी बनवलेला शेवटचा. आयोनने तो हातात घेतला. पितळ इतकं गुळगुळीत की दोन अर्ध्या भागांमधली फट बोटाला लागत नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिनेही विर्जिलकडे साचा मागितला होता. "हात थरथरतात गं आता," असं म्हणाला होता तो. आणि मग हार्लनसाठी हे.

"बघून झालं की ठेव जागेवर," व्हर्ना दारातून म्हणाली. "सात वर्षं तू माझ्या नवऱ्याच्या हाताकडे बघत होतीस, आयोन. मला दिसत नव्हतं असं समजू नकोस."

"मी त्याच्या नेमाकडे बघत होते."

"नेम हातातच असतो ना?"

साचा तिने कापडात परत गुंडाळला. आयोनने भांड्यातल्या गोठलेल्या शिशावर नख दाबलं. कडक. खिळे देणारा, छापखान्यातला म्हातारा जुळारी गिल्बर्ट स्टूब क्लबाचे गुणही लिहायचा, म्हणून जाता जाता तिने त्यालाही गाठलं.

"तिसऱ्या फेरीआधी हार्लनचा ठोकळा कुठे होता?"

"नेहमीच्या जागी," गिल्बर्ट म्हणाला. "कॉफीच्या टेबलावर. लोरेना टॅन्सीचे दालचिनीचे रोल खायला थांबला ना तो. दोन खाल्ले, वर माझ्या वाटणीचाही खाल्ला. टेबलाशी सगळेच होते. मर्ल होता, व्हर्ना होती, मी होतो. आणि तूही होतीस. तुझी पिशवी शेजारच्या खुर्चीवर होती."

घरी येऊन तिने भिंग काढलं. गोळी ओतली की साच्याच्या डोक्यावरची पट्टी ठोकून सरकवतात. ती वरचं जास्तीचं शिसं कापते. कापताना गोळीच्या बुडावर बारीक ओरखडे उठतात आणि पट्टी जिकडे जाते तिकडे एक इवलीशी शेपटी राहते. आयोनने आजवर हजारो गोळ्या पाहिल्या होत्या. सगळ्यांचे ओरखडे उजवीकडे वळलेले.

ह्या गोळीचे डावीकडे वळले होते.

३

टिंबर फोर्कमध्ये डावीकडे उघडणारे साचे एकाच माणसाने बनवले होते, तेही फक्त स्वतःसाठी. विर्जिल टॅन्सी डावखुरा होता.

त्याचा मुलगा मर्ल लेथवर होता. आयोनला बघून त्याने यंत्र बंद केलं नाही, फक्त हळू केलं.

"माझी वाटच बघत होतो," तो म्हणाला. "सगळ्यांच्या आधी माझ्याकडे येशील असं वाटलं होतं."

"का?"

"नाटक करू नकोस. हार्लनने माझा साचा परत केला तेव्हा तू तिथेच बसली होतीस, कॉफी पीत."

ते खरं होतं. जुलैत मर्लने आयुष्यातला पहिला स्वतंत्र साचा कापला आणि हार्लनला वापरून बघायला दिला. आठवड्याने हार्लनने तो भरल्या हॉटेलात काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "चांगला आहे, मर्ल. पण बापाची सर नाही." सगळे हसले नाहीत, पण ज्यांनी हसू दाबलं तेही मर्लला दिसले होते.

"बावन्न वर्षांचा आहे मी," मर्ल म्हणाला. "तीस वर्षं बाबांच्या शेजारी उभा राहिलो. मला कधी एक साचा नाही दिला. म्हणायचे, तुझा तू काप. आणि शेवटी हात चालत नव्हते तेव्हा कुणासाठी कापला? नऊ वर्षांपूर्वी गावात आलेल्या मधवाल्यासाठी."

त्याच्या आवाजात जे होतं ते आयोनच्या ओळखीचं होतं. तिने नजर भिंतीकडे वळवली. तिथे विर्जिलचे स्वतःचे साचे खिळ्यांना टांगलेले होते. खालच्या फळीवर हार्लनच्या मेणाच्या पिवळ्या वड्या रचलेल्या.

"तुम्हीही त्याचंच मेण वापरता?"

"फुकट मिळतं. बाबा म्हणायचे, ह्याच्यासारखं मेण नाही. प्रत्येक गोष्टीत हार्लन." त्याने चिंधीने हात पुसले. "धंद्याची रीत ठरलेली होती. बाबा साचा कापायचे, पहिल्या शंभर गोळ्या आई ओतून बघायची, आणि मी डबा बांधायचो. मी फक्त डबा बांधायचो."

"विर्जिलकडे एक जुनी एकेरी रायफल होती ना? एका वेळी एकच काडतूस घेणारी?"

"आहे की. काडतूस हार्लनच्या रायफलीचंच. पण तिला नळी नाही, म्हणून बाबा तिच्यात टोकदार गोळी..." मर्ल बोलता बोलता थांबला.

दोघांनी एकदमच भिंतीकडे पाहिलं. अकरा साचे. बारावा खिळा रिकामा, आणि त्याच्या खाली भिंतीवर साच्याच्या आकाराचा, धुळीविना स्वच्छ चौकोन.

मर्लचा चेहरा पांढरा पडला. लेथ तसाच गरगरत राहिला.

४

"मर्लला आणतो," कर्ट म्हणाला.

"थांब जरा. ग्रीसचं काय?"

आयोनने गोळी त्याच्यापुढे धरली. खाचांतलं ग्रीस अजून मऊ होतं, बोटाला लागत होतं. म्हणजे गोळी ह्याच उन्हाळ्यातली, विर्जिल गेल्यानंतरची. तो मार्चमध्ये गेला होता. पण ग्रीसला मधाचा वास नव्हता. पांढरट होतं आणि वास ओळखीचा होता, फक्त कशाचा ते तिला आठवत नव्हतं.

"म्हणजे हार्लनचं मेण नाही," कर्ट म्हणाला. मग तो बराच वेळ टेबलावरच्या पेनाशी चाळा करत राहिला. "बॉस, गावात हार्लनचं मेण न घेणारा माणूस एकच आहे. पोस्टात सगळ्यांना ठाऊक आहे. आयडाहोहून पार्सल येतं तुझं."

आयोनने गोळी टेबलावर ठेवली. पार्सल खरं होतं. सात वर्षं ती चांगले पैसे मोजून तिकडून मेण मागवत होती, कारण ज्याच्याकडून हरायचं त्याच्याचकडून मेणही घ्यायचं हे तिला जमत नव्हतं. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. सांगायची गरजच नव्हती, असं दिसत होतं.

"मला विचार," ती म्हणाली. "सरळ विचार."

"तू टाकलंस का?"

"नाही."

"बरं," कर्ट म्हणाला. पण त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

त्याच वेळी दार उघडलं आणि मर्ल टॅन्सी आत आला. डोक्यावरची टोपी काढून त्याने छातीशी धरली.

"मी केलं," तो म्हणाला. "बाबांचा जुना साचा घेतला, दोन काडतुसं बनवली आणि ठोकळ्यात टाकली. लिहून घ्या."

कर्टने सुटकेचा श्वास सोडला आणि कागद ओढला. आयोनने मात्र मर्लसाठी खुर्ची पुढे केली.

"शिसं कुठलं घेतलंस?"

"मऊ. जुनं होतं पडलेलं."

"आणि ग्रीस?"

"ग्रीस म्हणजे? आपलं नेहमीचंच. हार्लनचं मेण. माझ्याकडे दुसरं काय आहे?"

आयोनने कर्टकडे पाहिलं. त्याने पेन खाली ठेवलं.

"मर्ल," ती हळूच म्हणाली, "ही गोळी तू बनवलेली नाहीस. खाचांत मेणाचा कणही नाही."

मर्लने हातातली टोपी चुरगाळली. मग म्हणाला, "असेल काहीतरी दुसरं. मला आठवत नाही. मी केलंय म्हटलं ना."

तो खोटं बोलत होता आणि कुणासाठी बोलत होता हे विचारायची गरज उरली नव्हती. पण आयोनला त्याच्याही आधी उमगलं होतं, आणि ते साच्यावरून किंवा ओरखड्यांवरून नव्हे. हार्लनच्या मेणाच्या वड्या घरात रचलेल्या असताना जो माणूस त्यांना हात लावत नाही, दुसरं काहीतरी शोधून काढतो, तो माणूस आतून कसा असतो हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आणि आता तिला वासही आठवला. मेंढीची चरबी. लहानपणी आजोबा गोळ्यांना तीच फासायचे, गावात मधमाश्या नव्हत्या तेव्हाची रीत. ती रीत हातात असलेली माणसं आता फार उरली नव्हती. पहिल्या शंभर गोळ्या ओतणारी एक होती.

"कर्ट, ह्याला कॉफी दे," ती उठत म्हणाली. "आणि मी येईपर्यंत इथून हलू देऊ नकोस."

५

मर्लची आई लोरेना टॅन्सी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तिने दार उघडलं, आयोनला पाहिलं आणि काही न विचारता दुसरा कप काढला. स्वयंपाकघर लख्ख होतं. मोरीखालचा पाइप नवा कोरा, प्लॅस्टिकचा.

"नवीन बसवलात," आयोन म्हणाली.

"मे महिन्यात. जुना मऊ शिशाचा होता, गळायचा." लोरेनाने कॉफी ओतली. "मर्ल तुमच्याकडे आलाय ना? सकाळी माझ्याकडे बघतच राहिला. मग गाडी काढून गेला."

"म्हणतो, त्याने केलं."

"वेडा आहे. लहानपणी मांजराने दूध सांडलं तरी स्वतःवर घ्यायचा." तिने समोर बसून रुमाल घडी केला. "साचा त्या पिठाच्या डब्यात आहे. घेऊन जा."

आयोन उठली नाही. "का, लोरेना?"

म्हातारी खिडकीबाहेर बघत होती. तिकडे विर्जिलची शेड होती.

"डॉक्टर नोव्हेंबरमध्ये म्हणाले, चार महिने. मी म्हटलं, ठीक आहे. पंचावन्न वर्षं ह्या माणसाला लेथशी वाटून घेतलं, हे चार महिने तरी माझे. आणि डिसेंबरात हार्लन यायला लागला. रोज सकाळी सातला. साचा कापताना ह्याच्या हातांना धरायला. हा सांगायचा, तो चाक फिरवायचा. दिवसभर शेडमधून हसण्याचे आवाज. संध्याकाळी हा आत यायचा तो झोपायलाच. मी सूप घेऊन उभी."

"हार्लनला कळलं नसेल."

"कळलं नसेल. चांगला माणूस आहे. जाताना मला मध देऊन जायचा." तिने रुमालाची आणखी एक घडी घातली. "शेवटच्या दिवशी मी उशाशी बसले होते. ह्याने डोळे उघडले. माझा हात धरला. म्हणाला, हार्लनला सांग, पट्टीचा स्क्रू अर्धा फेरा सैल ठेव. आणि गेला."

आयोनने कप हातात धरला, पण प्यायली नाही.

"मी निरोप पोचवला," लोरेना म्हणाली. "अंत्यविधीलाच. हार्लन रडला. ह्याच्या शेवटच्या शब्दांवर हार्लन रडला, आयोन. मी नाही."

"टोकदार गोळी नळीत गेली तर काय होतं, हे तुम्हाला..."

"तुझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे."

"मग?"

"दोनच टाकल्या. म्हटलं, एवढ्यांत दोन. उडेल, नाही उडणार, आपल्या हातात काय आहे? असं स्वतःला सांगत सकाळी रोल लाटत होते. त्याने ठोकळा माझ्या टेबलावर ठेवला, मला म्हणाला, लोरेना, तुमच्या रोलांशिवाय माझा नेम लागत नाही. त्याने तोंड फिरवलं आणि मी टाकल्या. टाकणारे हात माझे होते. ते लिहा."

"नंतर सांगावंसं नाही वाटलं?"

"तो नेम धरायच्या जागेवर जाऊन उभा राहीपर्यंत चाळीस पावलं होती. मी मोजली. प्रत्येक पावलाला हाक मारणार होते." ती थांबली. "नाही मारली. आणि तो आवाज झाला तेव्हा मला काय वाटलं ते मी तुला सांगणार नाही."

"सांगू नका," आयोन म्हणाली. तिला ते ठाऊक होतं.

कोट घालायला तिने लोरेनाला मदत केली. गाडीत बसण्याआधी म्हातारी परत वळली आणि चूल बंद आहे ना ते बघून आली.

६

लोरेनाने न्यायालयात काहीही नाकारलं नाही. हार्लनने साक्षीला उभं राहून एवढंच सांगितलं की, त्याला तिला तुरुंगात बघायचं नाही. न्यायाधीशांनी पाच वर्षांची शिक्षा सुनावली, वय बघून ती स्थगित ठेवली, आणि तिला मर्लच्या घरी त्याच्या जबाबदारीवर राहायला सांगितलं. मर्लने शेडला कुलूप लावलं. गावात कुणी लोरेनाशी वाईट बोललं नाही, पण कुणी तिच्या हातचं खाल्लंही नाही, आणि हे तिला शिक्षेपेक्षा जड गेलं असं मर्ल म्हणायचा.

ऑक्टोबरच्या शेवटी आयोन हार्लनकडे गेली. अंगणात बसून तो उजव्या हाताने पोळ्यांच्या पेट्यांना थंडीसाठी डांबरी कागद गुंडाळायचा प्रयत्न करत होता. कागद वाऱ्याने उडत होता.

"तुला एक सांगायचंय," ती उभ्यानेच म्हणाली. "तुझी रायफल फुटली तेव्हा मला बरं वाटलं. क्षणभरच. पण वाटलं."

हार्लनने कागद खाली ठेवला.

"विर्जिल आधी तुझा साचा करणार होता," तो म्हणाला. "डिसेंबरात. पितळही कापून ठेवलं होतं. म्हणाला, मागे आयोनला नाही म्हटलं, ते मनाला लागून राहिलंय. मी म्हटलं, आयोनने डाकेने मागवलाय, तिला आता नको आहे."

"मी काही मागवलं नव्हतं."

"माहीत आहे."

आयोनला त्या पेट्या एका लाथेने उलथवाव्याशा वाटल्या. विर्जिलचे शेवटचे चार महिने, ते हसण्याचे आवाज, ते पितळ, सगळं तिच्या दारात येणार होतं आणि ह्या माणसाने एका वाक्याने ते वळवून घेतलं होतं. आणि वळवलं नसतं, तर काडतुसं टाकणारा लोरेनाचा हात कुणाच्या ठोकळ्यापाशी थांबला असता, हा विचारही तिच्या मनात आला, आणि तो तिला आवडला नाही.

"का?" तिने विचारलं. "तू दर वर्षी जिंकतच होतास."

"एका गुणाने," हार्लन म्हणाला. "मागच्या वर्षी एका गुणाने. रात्रंदिवस तुझाच एक गुण डोक्यात असायचा. तुझ्या हातात तो साचा आला असता तर मी संपलो असतो, हे मला कळत होतं."

"आणि वर म्हणायचास, पुढच्या वर्षी तूच."

"हो. म्हणायचो."

ती गाडीकडे चालत गेली. दार उघडलं, किल्ली लावली आणि बसून राहिली. समोरच्या काचेतून तिला हार्लन दिसत होता. त्याने गुडघ्याने कागद दाबून धरला होता आणि एका हाताने दोरी बांधायचा प्रयत्न करत होता. गाठ तीनदा सुटली. चौथ्यांदा त्याने दोरीचं टोक दातात धरलं. डोंगरावरून ढग उतरत होते आणि रात्रीपर्यंत बर्फ पडणार हे उघड होतं.

आयोनने शिवी घातली, किल्ली काढली आणि परत आली.

"सरक," ती म्हणाली. "तू कागद धर. मी बांधते."

सव्वीस पेट्या होत्या. शेवटची बांधून होईपर्यंत दोघांपैकी कुणीही एक शब्द बोललं नाही.